पोच कुठे आहे?

परवा बुधवारी सकाळी अकरा वाजता क्षेत्रीय कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर साठ खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली नऊ. त्यातली दोन चुकून आलेली, त्यांना जन्मदाखल्याची खिडकी हवी होती. समोर सहाय्यक आयुक्त आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पथ, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, विद्युत, उद्यान, आरोग्य, अतिक्रमण अशा सगळ्या खात्यांची माणसं फायली घेऊन बसलेली. एरवी यातल्या एकाला गाठायचं तर चार जिने चढावे लागतात आणि वर गेल्यावर कळतं, साहेब साइटवर गेलेत. महिन्यातून एकदा ही सगळी मंडळी एका खोलीत सापडतात. परवा सापडली होती. तुम्ही कुठे होतात?

मीच सांगते. व्हॉट्सॲपवर होतात. त्याच सकाळी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फुटलेल्या चेंबरचा फोटो आला. मग सुरू झालं. "लाज नाही या लोकांना." "टॅक्स कशाला भरतो आपण?" "कुणीतरी व्हायरल करा." संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस निरोप. मी मोजले. त्यातला एकही त्या खोलीत पोचला नाही आणि त्या खोलीत मलनिस्सारणाचा उपअभियंता पाऊण तास नुसता बसून होता. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. जेवून उठलात आणि चेंबर तिथेच.

"कुणीतरी" म्हणजे कोण रे पोरांनो? हा कुणीतरी राहतो कुठे? तुमच्या अठ्ठेचाळीस घरांत तर तो नाही.

नववीत मी तुम्हाला नागरिकशास्त्र शिकवलं. ७४ वी घटनादुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या. का, तर कारभार लोकांच्या दाराशी यावा म्हणून. तुम्ही ते पाठ केलंत आणि दोन गुण मिळवलेत. तुमच्यातल्या एकीने समास सोडून, खाली रेघ मारून, इतकं देखणं उत्तर लिहिलं होतं की मी ते वर्गात वाचून दाखवलं. ती आज बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिच्या गल्लीतला दिवा सात महिने बंद आहे. कारभार दाराशी आला, मुली. दार तुम्ही उघडलं नाही.

२००९ साली महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. खेड्यात जशी ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदारांची सभा. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. भरवणाऱ्यांनी भरवली नाही, हे खरं आहे आणि तो दोष त्यांचाच. पण तुम्ही मागितलीत का? एकदा तरी, एका कागदावर? खेड्यातली म्हातारी पदर खोचून ग्रामसभेत उभी राहते आणि नळयोजनेचे पैसे कुठे गेले म्हणून सरपंचाला विचारते. तिने ७३ वी घटनादुरुस्ती पाठ केली नव्हती. तुम्हाला दोन्ही दुरुस्त्या येतात आणि तुमचा आवाज ग्रुपच्या बाहेर फुटत नाही.

सभा नाही तर नाही, बैठका तर आहेत. पुण्यात मोहल्ला समिती, पिंपरी-चिंचवडला जनसंवाद सभा. मुंबईत १९९७ पासून एएलएम, म्हणजे एकेका गल्लीच्या रहिवाशांनी गट करून पालिकेबरोबर काम करायचं. आणि महापालिकांचा लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. एवढे दरवाजे आहेत. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ शहरांना नगरसेवकच नव्हते. त्या काळात तुमचं म्हणणं पालिकेच्या तोंडावर सांगायला या बैठकांखेरीज दुसरी जागा जवळपास नव्हतीच. त्या साडेतीन वर्षांत तुम्ही किती वेळा गेलात? मनातल्या मनात उत्तर द्या. मला नको सांगायला.

"बाई, वेळ नसतो. बैठक कामाच्या दिवशी असते."

असते. ती रविवारी किंवा संध्याकाळी असायला हवी, हे मीही मानते. तशी मागणी केलीत? नाही ना? मग गणित करू. तुमची घरं अठ्ठेचाळीस. वर्षात बैठका बारा. दर वेळी दोन घरांतून एकेक माणूस गेलं, तर वर्षात चोवीस घरं होतात. म्हणजे एका घराच्या वाट्याला दोन वर्षांत एक सकाळ येते. दोन वर्षांत एक! पासपोर्टसाठी रजा काढता, पोराच्या शाळाप्रवेशासाठी रांगेत उभे राहता, गाडीच्या विम्याचे चार हजार अडले तर कंपनीला अकरा ई-मेल पाठवता आणि प्रत्येकाची तारीख तोंडपाठ असते. वेळ आहे. तो कुठे घालवायचा ते तुम्ही ठरवलेलं आहे. एवढं कबूल करा, मग पुढे बोलू.

"जाऊन काही होत नाही, बाई."

हे वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबतं, कारण ते तुम्ही न जाता म्हणता. आणि जो गेला होता, त्याचं ऐका. चार महिन्यांपूर्वी तुमच्यातलाच एक आला होता. इंजिनिअर आहे, हुशार आहे, माझा लाडका होता. आल्या आल्या उभा राहिला आणि दहा मिनिटं गरजला. शहर बुडालं, सगळे चोर आहेत, परदेशात असं चालत नाही. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "साहेब, चेंबर नेमका कुठला?" हा म्हणाला, "आमच्या गल्लीतला." गल्लीत चेंबर अकरा आहेत. "किती दिवस तुंबलाय?" "बरेच दिवस." "आधी तक्रार केली होती? क्रमांक आहे?" नव्हता. मग तो उद्यान अधिकाऱ्यावर घसरला, झाडांत अडकलेल्या वीजतारांवरून. त्या तारा महावितरणच्या. खोलीत महावितरणचं कुणीही नव्हतं. दहा मिनिटांनी तो पाय आपटत निघून गेला आणि त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं, "जाऊन आलो. काही उपयोग नाही."

अरे, तू जाऊन काय केलंस? कारखान्यात एखादं यंत्र बिघडलं तर तू "बरेच दिवस कुठेतरी आवाज येतोय" असा अहवाल देतोस? तुझा वरिष्ठ तुला दारात उभा करेल का? तिथे तू यंत्राचा क्रमांक देतोस, वेळ देतोस, मोजमाप देतोस. ही अक्कल तुझ्याकडे आहे, म्हणून तर मला राग येतो. येत नसतं तर शिकवलं असतं. येतं आणि तू ते घरी ठेवून आलास.

त्याच दिवशी, तू गेल्यावर, मागच्या रांगेतून एक बाई उठली. नाल्यापलीकडच्या वस्तीतली. चार घरची धुणीभांडी करते. अर्ध्या दिवसाचे पैसे बुडवून आली होती. हातात पोराची शंभरपानी वही. तिने वाचायला सुरुवात केली. सोमवारी पाणी पहाटे चार पन्नासला आलं, पाच दहाला गेलं. मंगळवारी चार पंचावन्नला आलं, पाचला गेलं. असे नऊ दिवस. वस्तीच्या वरच्या टोकाच्या घरांत बादली भरते, खालच्या टोकाच्या बावीस घरांत भरत नाही. बावीस घरांच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. मागणी एकच, चावीवाल्याने चावी वीस मिनिटं जास्त सोडावी आणि खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह तपासावा. कुणालाही चोर म्हणाली नाही. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने वही हातात घेतली, पान उलटलं, पुन्हा उलटलं. बोलायला जागाच नव्हती त्याला. आठवड्यात व्हॉल्व्ह बदलला. मी स्वतः जाऊन पाहिला.

ती सातवी शिकलेली आहे.

आता सांगा, काही होत नाही ते कुणाचं? तिचं की तुमचं?

तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. चेंबरचं पाणी पायरीला लागलं की कुणाचंही डोकं फिरेल. पण नुसत्या रागाला सरकारी दप्तरात रकाना नसतो. तिथे जागा, तारीख आणि मागणी लागते. आरडाओरडा ऐकून घेणं हा त्या अधिकाऱ्याचा रोजचा उद्योग आहे, तो त्याला पचतो. त्याला जड जातो तो आवक-जावकचा शिक्का. कागदावर शिक्का पडला की तो कागद उद्या त्याच्या वरिष्ठाच्या, परवा माहिती आयुक्तांच्या टेबलावर जाऊ शकतो. म्हणून मी दर वेळी एकच विचारते आणि तुम्ही दर वेळी खाली बघता. पोच कुठे आहे? अर्ज दोन प्रतींत लिहायचा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायची. शाळेच्या फीची पावती तुम्ही वीस वर्षं जपता. रस्त्याच्या अर्जाची पोच का नाही?

आणि बैठक संपली की काम संपत नाही. इतिवृत्त मागायचं. कोण काय म्हणालं, कुठल्या खात्याने किती दिवसांचा शब्द दिला, हे त्यात आलं का ते वाचायचं, नसेल तर लेखी हरकत घ्यायची. पुढच्या महिन्यात पहिलं वाक्य हेच की, मागच्या इतिवृत्तातल्या चौथ्या मुद्द्याचं काय झालं. तुम्ही काय करता? एकदा जाता आणि महिन्याभरात जादू झाली नाही म्हणून रुसून बसता. दुसऱ्यांदा कुणीच जात नाही, हे त्यांना पाठ झालंय. ते तुमच्या पहिल्या भेटीला घाबरत नाहीत. दुसरीची वाटही बघत नाहीत.

दाद मिळाली नाही तर? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपये फी. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक, नाही दिलं तर पहिलं अपील. हे तुम्हाला ठाऊक आहे, गप्पांत सांगता. पण त्या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने मागण्याचाही हक्क आहे, हे कितींनी वाचलंय? गेल्या उन्हाळ्यात झालेला रस्ता पहिल्या पावसात उखडला, म्हणून तुम्ही नवा रस्ता मागता. का? ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते विचारा. तो संपलेला नसेल तर दुरुस्ती त्याच्या खिशातून व्हायला हवी. तुमच्या कराचा दुसऱ्यांदा एक पैसाही त्यावर जायला नको. कार्यादेश बघा, मोजमाप पुस्तिका बघा. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपले अभिलेख नागरिकांना बघू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. अर्जसुद्धा लांब राहिला, समोर बसून फाइल उलटायची. तुमच्यात तीन सनदी लेखापाल आहेत. तिघांनी मिळून एक सोमवार दिला असता तर त्या रस्त्याचा हिशेब आज फलकावर लागला असता.

आता जे बोलणार आहे ते कडू आहे. तरी बोलणार.

तुम्हाला बैठक नको असते, कारण तुम्हाला ओळख हवी असते. नगरसेवकाला फोन लावायचा, दिवाळीला भेटायचं आणि आपल्या फाटकासमोर गतिरोधक बसवून घ्यायचा. काम झालं की ग्रुपवर त्यांच्या फोटोसह आभाराचा निरोप. कशाचे आभार? जे हक्काने मिळायला हवं ते तुम्ही उपकार म्हणून घेतलंत. आणि ज्याच्यावर उपकार झाले त्याला पुढे प्रश्न विचारता येतो का? वर तुमच्या गतिरोधकाने अडलेलं पाणी आता समोरच्या चाळीच्या उंबऱ्यावर साचतं. चाळीचा कुणी ओळखीचा नाही. बैठकीत ते काम मांडलं असतं तर चाळीतलाही कुणी उठला असता, उतार कुठे काढायचा ते दोघांच्या समोर ठरलं असतं. सर्वांसमोर मागावं लागतं तेव्हा माणूस मागणी जरा विचार करून करतो. तेच तर तुम्हाला टाळायचं असतं.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आठवा. तुमचे अध्यक्ष बैठकीला आले, आले याचं मला बरं वाटलं. कोपऱ्यावरच्या कचऱ्याचा विषय त्यांनी ठासून मांडला. आरोग्य निरीक्षकाने हातातला कागद बघितला आणि विचारलं, "तुमची सोसायटी गांडूळखताची म्हणून मिळकतकरात सवलत घेते. खताचा खड्डा चालू आहे का?" खोलीत चिडीचूप. खड्डा तीन वर्षं बंद आहे, त्यात जुने नळ आणि मोडकी सायकल पडली आहे. ओला कचरा सुक्यात कालवून कोपऱ्यावर जातो. त्या एका प्रश्नाने अध्यक्षांची तक्रार जागच्या जागी मेली, आणि तक्रार खरी होती! कोपरा खरोखर घाण आहे, घंटागाडी खरोखर वेळेवर येत नाही. पण आपलं घर झाडल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवलंत, तर तो तुमचंच बोट धरणार. सवलत घेताना सही करणारे तुम्हीच होतात ना?

"बाई, वाईट कशाला व्हायचं? उद्या यांच्याशीच गाठ आहे."

ही भीती मी समजू शकते. एकट्याने पदपथावरच्या अतिक्रमणाबद्दल बोललं की रात्री गाडीची हवा जाते, हे मला माहीत आहे. म्हणून तर एकट्याने बोलू नका. अठ्ठेचाळीस सह्यांच्या कागदाला एक चेहरा नसतो. नाल्यापलीकडच्या त्या बाईलाही उद्या त्याच चावीवाल्याकडून पाणी घ्यायचं होतं. वाईट होणं तिला तुमच्यापेक्षाही कमी परवडणारं होतं. ती उठली.

पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सरकारने नेमलेले सदस्य होते. नेमलेले, म्हणजे सरकारला न दुखावण्याचं कारण असलेले. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर पालिकेचे हजार रुपये खर्च करायचं ठरलं. विरोध केला एकट्या फुल्यांनी. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव थांबला नाही. पण विरोध नोंदला गेला, आणि म्हणून आज एकशे चाळीसहून जास्त वर्षांनी मी तुम्हाला तो सांगू शकते. हा धडा मी वर्गात शिकवला तेव्हा तुमच्यातल्या एकाने विचारलं होतं, "बाई, हरणार हे माहीत असताना त्यांनी हात का वर केला?" मी म्हटलं होतं, मोठा झालास की कळेल. आता तू पंचेचाळीस वर्षांचा आहेस. कळलं का?

मी सत्तरीची आहे. दोन जिने चढते, वर जाऊन दोन मिनिटं दम घेते आणि मग बसते. गेल्या वर्षात एकच बैठक चुकली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती म्हणून. रस्त्यावरचे काही दिवे लागले त्यात माझा थोडा वाटा आहे, पण माझ्याने चेंबर मोजवत नाहीत आणि मोबाइलवर बारीक अक्षर दिसत नाही. ते तुमचं काम आहे. मला तुमच्या पायांची आणि डोळ्यांची गरज आहे. हे मी मोकळेपणाने मागते आहे.

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, अकरा वाजता. त्याआधीच्या रविवारी सकाळी सात वाजता तुमच्या फाटकाशी येते. खडू माझ्याकडे आहे. तुम्ही मोजपट्टी आणि वही आणा. गल्लीतले अकराही चेंबर एका टोकापासून मोजायचे, क्रमांक घालायचे, कुठला तुंबला आणि कधीपासून ते लिहायचं. एका पानाचा अर्ज, दोन प्रती, अठ्ठेचाळीस सह्या. बुधवारी कुठली दोन घरं जाणार ते त्याच रविवारी ठरवायचं. पहिल्या घराचं नाव मी ठरवलं आहे. समास सोडून उत्तर लिहिणारी जिथे राहते, ते.